चाळीस मीटरवरची भेग

घरात तिला सगळे भागूबाई म्हणत. लग्नानंतर पहिली एक-दोन वर्षं नवरा पूर्ण ‘भित्री भागूबाई’ म्हणायचा. पुढे ‘भित्री’ म्हणायची गरजच उरली नाही. गॅस बंद आहे का हे ती तीनदा बघायची. लिफ्टने जरा हिसका दिला की मधल्याच मजल्यावर उतरून पायऱ्या चढायची. नवरा औषधांच्या पेट्या पोचवणारी व्हॅन चालवायचा. तो घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला, की इकडे हिच्या मनात दवाखाना, पोलीस, सगळं होऊन गेलेलं असायचं. घरचे हसायचे आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. आपण अशाच आहोत, हे तिने मान्यच करून टाकलं होतं.

त्यामुळे मागच्या पाण्याच्या टाकीला भेग पडली आहे असं तिने सांगितलं, तेव्हा कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

टाकी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होती. सहा खांबांवर उभी, पाच मजल्यांइतकी उंच, आणि वर भलंमोठं गोल पोट. सगळ्या वस्तीचं पाणी तिच्यातून यायचं. पहाटे भरायची, दिवसभरात रिकामी व्हायची. टाकीच्या आवाराला लागूनच भागूबाईच्या थोरल्या नणंदेची बालवाडी होती. अंगणात दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि वाळूचा हौद. बत्तीस मुलं. त्यातलं एक भागूबाईचं. पाच वर्षांची मुलगी, पिवळी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारी.

एका सकाळी खिडकीच्या गजांवर ओली फडकी वाळत घालताना भागूबाईची नजर समोर गेली. डावीकडचा खांब जिथे टाकीच्या पोटाला मिळतो, तिथे एक तिरपी काळी रेघ होती. काल होती का? आठवेना. ती हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. बारा वर्षं रोज तीस-चाळीस हाडं बघून तिला रेघा वाचायची सवय झाली होती. ही रेघ तिला मुळीच आवडली नाही.

“कावळ्यांनी घाण केली असेल,” नवरा डोळे बारीक करून म्हणाला. “अगं, ती टाकी माझ्या जन्माआधीपासून उभी आहे.”

“म्हणूनच म्हणते.”

“आमच्या भागूबाईला कधीतरी आभाळपण तडकलेलं दिसेल,” असं म्हणून तो डबा घेऊन गेला.

तिने फोनवर फोटो काढला. मोठा करून बघितला तर भिजलेल्या वर्तमानपत्रावरच्या शाईसारखं सगळं पसरलेलं. तोच फोटो घेऊन ती पाणी खात्याच्या इंजिनिअरकडे गेली. दीड तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. त्याने फोन हात लांब करून धरला.

“ही केबल आहे, ताई.”

“केबल नाही साहेब, भेग आहे.”

“मग प्लास्टर असेल. प्लास्टर तडकतंच. तुम्ही काय करता?”

“एक्स-रे काढते. हाडांच्या दवाखान्यात.”

“मग तुम्ही हाडं बघा, टाक्या आम्ही बघतो,” तो म्हणाला. स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्याने फोन परत दिला. ती उठेना, तेव्हा म्हणाला, “पुन्हा यायचं असेल तर नीट दिसेल असं काहीतरी घेऊन या. ह्याच्यात मला काहीही दिसत नाही.”

तो कटवण्यासाठीच बोलला होता. पण बाहेर पडताना भागूबाईच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य राहिलं. नीट दिसेल असं काहीतरी.

नणंदेला सांगितलं तर तिने आधी दार लावून घेतलं. “हे बाहेर बोलू नकोस हं. एका आईच्या कानावर गेलं ना, तर उद्या निम्मी मुलं येणार नाहीत. आणि तुझी लेक माझीपण भाची आहे. मी तिला धोक्यात ठेवीन का?”

नवराबायको दोघंही नोकरीला, मुलीला ठेवायला दुसरी जागा नाही. भागूबाई रोज सकाळी पिवळी टोपी त्याच अंगणात सोडायची, एकदा वर बघायची आणि जीव मुठीत धरून दवाखान्याची वाट धरायची. तिथे दिवसभर लोकांना “श्वास धरा, हलू नका” सांगताना तिचा स्वतःचाच श्वास अडकायचा.

वॉशिंग मशीनसाठी तिने दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. त्यातून कॅमेरा घ्यायचं तिने मनाशी ठरवलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर कॅमेऱ्यांची माहिती सांगणाऱ्यांचे व्हिडिओ बघत होती. एक म्हणायचा, लेन्सपेक्षा कॅमेऱ्याची बॉडी चांगली घ्या. दुसरा म्हणायचा, बॉडीत काही नसतं. तिसरा इतक्या घाईने आकडे सांगायचा, की ऐकता ऐकता हिचं जेवण गार व्हायचं. मोठ्या दुकानात गेली तर टाय लावलेल्या विक्रेत्याने दोन लेन्सवाला चकाचक खोका पुढे केला. किंमत ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो हप्त्यांचं सांगत होता, तोवर ही जिना उतरलीसुद्धा.

शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक पत्ता दिला. गल्लीच्या टोकाला, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी, ‘कॅमेरा दुरुस्ती’ एवढीच पाटी. आत एक म्हातारा डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बसलेला, मागच्या कपाटात जुन्या कॅमेऱ्यांच्या ओळी.

“काय काढायचंय?” त्याने मान वर न करता विचारलं.

भागूबाई गडबडली. भेग म्हणावं तर हाही हसेल. “पक्षी,” ती म्हणाली.

“कुठले?”

“चिमण्या.”

“चिमण्या एका जागी बसत नाहीत. झटक्यात फोकस धरणारी लेन्स लागेल. पैसे किती आणलेत?”

तिने सांगितलं.

“बसणार नाही त्यात.”

“पण माझ्या हलत नाहीत,” तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. “ताई, चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे. न हलणारी चिमणी मी अजून पाहिलेली नाही. काय काढायचंय ते खरं सांगा. सगळा खर्च त्याच्यावरच ठरतो.”

मग तिने सांगितलं. सांगताना वाक्यं मागेपुढे होत होती, मध्येच मुलीची टोपी आली, इंजिनिअरची केबल आली. म्हातारा हसला नाही. उलट एकेक प्रश्न विचारत गेला. खिडकीपासून भेग किती लांब? ऊन कुठल्या बाजूने येतं? मध्ये काच आहे का? रोज त्याच वेळी फोटो काढता येईल का?

“चाळीसेक मीटर असेल,” ती म्हणाली. “काच सरकवता येते.”

त्याने एका जुन्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. “बघा, हलत्या गोष्टीला महागडी बॉडी लागते. तुमची भेग पळून जाणार नाही. दहा वर्षांपूर्वीची बॉडी तुम्हाला पुरे.” त्याने कपाटातून एक काळा कॅमेरा काढला. कोपरे झिजलेले, पकडीचं रबर सुटून पुन्हा चिकटवलेलं. “रूपाकडे बघू नका. वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला.”

मग त्याने काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. पहिली बुटकी. “ही पन्नास मिलिमीटरची. सगळे हीच घ्या म्हणतील, आणि खोटं नाही. चेहरे असे सुंदर येतात की बघत राहावं. पण हिच्यात तुमची टाकी दिसेल, भेग दिसणार नाही.” दुसरी लांबलचक, वजनदार. “हिचा आकडा मोठा आहे, पण पुरती लांब केली की चित्र पिठूळ होतं. मोठ्या आकड्याला भुलू नका.” तिसरी प्लॅस्टिकची, खेळण्यासारखी हलकी. “ही अडीचशेपर्यंत जाते. दिसायला गरीब, पण टोकाला धारदार. ह्या जातीच्या माझ्याकडे दोन आहेत. एक स्वस्त, एक जरा वर.”

त्याने बॅटरी लावून स्वस्तातली लेन्स तिच्यापुढे धरली. भागूबाई वाकली. काचेच्या आत, कडेला, कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक पांढरे धागे होते.

“हे काय आहे आत?”

“बुरशी,” म्हातारा म्हणाला. “मी सांगायच्या आत दिसली तुम्हाला. लोकांना दाखवूनही दिसत नाही.”

“रोजची सवय आहे,” ती पुटपुटली आणि दुसरी उचलली. ती आतून स्वच्छ होती.

शिवाय त्याने एक लोखंडी तिपाई काढली, जुनी, बोजड, रंग उडालेली. “हलक्या तिपाया वाऱ्याने डुलतात. ही घ्या. रोज एकाच जागी ठेवा, जमिनीवर खुणा करा. झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावा म्हणजे ते सरकणार नाही. आणि बटण हाताने दाबून लगेच फोटो नको. दोन सेकंदांचा टायमर लावा. तुमचा हात आत्ताच कापतोय.”

तिने हात काउंटरखाली घेतला.

“ह्या अंतरावर एक मिलिमीटर म्हणजे चित्रातले साधारण दीड ठिपके,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर मोठं करा आणि भेगेची रुंदी ठिपक्यांत मोजा. रोज.”

“आणि ह्याच्यात काहीच दिसलं नाही तर?”

“तर सगळं परत आणा. थोडे कापून घेईन.”

“आणि दिसलं तर?”

म्हाताऱ्याने लेन्सला झाकण लावलं, नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघितलं, आणि सगळं सामान एका जुन्या पिशवीत भरून तिच्या हातात दिलं.

नवऱ्याने तिपाई बघितली तेव्हा त्याला वाटलं, ही दवाखान्यातून सलाइनचा स्टँड उचलून आली. खरं कळल्यावर मात्र त्याला हसू आलं नाही. “दोन वर्षं साठवलेले पैसे, भागू. एका रेघेसाठी?” दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला तिने पहिला फोटो काढला. तिपाईच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, बटण दाबलं, दोन पावलं मागे सरकून श्वास धरला. नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्र उघडलं. फोनमध्ये जी केबल होती तिला आता कडा होत्या. कड तुटलेली, दातेरी. खालच्या टोकाकडून एक तांबूस ओघळ आलेला, आतलं लोखंड गंजल्याचा. हे प्लास्टर नव्हतं, हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा?

रुंदी मोजली. पाच ठिपके.

पण नुसती भेग असणं वेगळं आणि भेग वाढणं वेगळं, एवढं तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी पाच. दहा दिवस पाचच. तिला हळूहळू स्वतःची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेत मोठा दिलासाही होता. “मशीनही गेलं आणि भेगही जागची हलेना,” नवरा म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात राग नव्हता. भागूबाईने मनात म्हटलं, हसू दे. आयुष्यभर हसू दे. फक्त पाचच राहू दे.

अकराव्या दिवशी दवाखान्यातलं यंत्र बिघडलं आणि ती दुपारीच घरी आली. कॅमेरा जागेवर होता. सहज म्हणून साडेतीनला एक फोटो काढला.

दोन ठिपके.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा दोन. उन्हाची दिशा बदलली म्हणून असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, मुलीला ताप आहे असं खोटंच सांगून घरी ठेवलं आणि दर तासाला फोटो काढत बसली. सकाळी सहा ठिपके. कालपेक्षा एक जास्त. दहा वाजता पाच. बारा वाजता चार. दोन वाजता तीन. चार वाजता, वस्तीतल्या बादल्या भरून टाकी तळाला गेल्यावर, दोन.

मुलगी मागे रंगीत खडूंनी घर काढत बसली होती. भागूबाईने सगळे फोटो एका ओळीत लावले. भेग सकाळी उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती. टाकी भरली की उघडायची, रिकामी झाली की मिटायची. जिवंत असल्यासारखी.

दवाखान्यातले डॉक्टर पेशंटला नेहमी एक गोष्ट सांगायचे, ती तिला आठवली: जुळलेलं हाड हलत नाही. हलतंय म्हणजे आतून तुटलेलं आहे.

तेराव्या दिवशी सकाळी सात ठिपके होते.

ती तशीच, घरातल्या चपलांवर, कॅमेरा घेऊन खाली धावली. नणंद बालवाडीचं कुलूप काढत होती. भागूबाईने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवला. बोलायला गेली तर बोबडी वळली, “भरली की... रिकामी की...” एवढंच येत होतं.

नणंदेने फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. “मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही,” ती शेवटी म्हणाली. मग तिने भागूबाईचा थरथरणारा हात धरला. तिने वर टाकीकडे बघितलं, काढलेलं कुलूप पुन्हा लावलं आणि येणाऱ्या पहिल्या आईला लांबूनच ओरडून सांगितलं, “आज सुट्टी! शाळेत उंदीर निघालेत!”

मुलीला नणंदेबरोबर तिच्या, दोन गल्ल्या पलीकडच्या घरी पाठवून भागूबाईने फोटोंच्या प्रती काढल्या, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ लिहिली आणि पाणी खातं गाठलं. या खेपेला ती बाकावर बसली नाही. सरळ आत शिरून तिने सहा फोटो टेबलावर ओळीने मांडले.

“पुन्हा तुम्ही?” इंजिनिअर म्हणाला. पण बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. त्याने पहिला फोटो उचलला, ठेवला. तिसरा उचलला. चष्मा काढून शर्टाला पुसला.

भागूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पुन्हा एकदा ‘हाडं बघा’ म्हणून आपल्याला हाकलून द्यावं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. हाकलून दिलं असतं तर ती हसत हसत घरी गेली असती.

“हे सगळे एकाच दिवसाचे?”

“पाच एका दिवसाचे. शेवटचा आज सकाळचा.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आजवर स्वतःची भीती खूप पाहिली होती. ज्याला कळतं त्या माणसाची भीती ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि ती फार भयंकर होती. त्याने फोन उचलून पंप बंद करायला सांगितला. मग तिला म्हणाला, “टाकी अजून बरीच भरलेली आहे. रिकामी करायची तर खालच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह उघडावा लागेल. बरोबर टाकीच्या खाली. तुम्ही घरी जा, कॅमेरा लावा आणि फोन चालू ठेवा. मी फाटकापाशी जातो. तिथून मला भेग दिसत नाही. तुम्हाला दिसते.”

“मला?”

“दुसरं कोण आहे?”

अर्ध्या तासाने ती खिडकीत उभी होती. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर समोरची भेग दहापट मोठी करून धरलेली, कानाशी फोन. टाकीजवळच्या दोन इमारती रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. लोक रस्त्यापलीकडे जमून वर बघत होते. नवरा व्हॅन अर्ध्या वाटेतून वळवून आला होता आणि तिच्यामागे उभा होता. त्यांच्या इमारतीलाही उतरायला सांगायला कुणी आलं, तेव्हा तो दारातूनच म्हणाला, “ती उतरली तर खालचा माणूस आंधळा होईल.”

खालचा माणूस म्हणजे व्हॉल्व्हवाला. पन्नाशीचा, किडकिडीत, रोज पाणी सोडणारा. फोनवर तिला त्याचं आणि इंजिनिअरचं बोलणं ऐकू येत होतं.

“मी जातो आत,” इंजिनिअर म्हणत होता.

“साहेब, चाक कुठल्या बाजूला फिरतं ते तरी माहितीये का तुम्हाला?” आणि पावलांचा आवाज लांब गेला.

“सांगा, काय दिसतंय?” इंजिनिअरने विचारलं.

“आठ,” ती म्हणाली. ठिपके तिला आता नुसत्या डोळ्यांनी कळत होते. “आठच आहे.”

खड्ड्यात वाकलेली व्हॉल्व्हवाल्याची पाठ तिला डोळ्यांच्या कडेने खिडकीतून दिसत होती, ठिपक्याएवढी. चाक गंजलेलं होतं. तो एक हिसका द्यायचा, थांबायचा, पुन्हा हिसका. ती डोळे पडद्यावरून हलवत नव्हती. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला तरी पुसायची हिंमत होईना. तेवढ्यात काही झालं तर?

“फिरलं!” इंजिनिअर ओरडला. “पाणी सुटलं! अजून चार वेढे हवेत. काय दिसतंय?”

“आठ.” मग तिने श्वास धरला. “नऊ. साहेब, नऊ!”

“नक्की?”

ती आयुष्यभर स्वतःलाच विचारत आली होती, गॅस नक्की बंद आहे का, दार नक्की लागलंय का. आता एका माणसाचा जीव तिच्या ‘नक्की’वर टांगलेला होता. भेगेतून पिठासारखी बारीक धूळ सुटली आणि उन्हात चमकत खाली आली.

“पळा!” ती किंचाळली. “पळा म्हणावं त्यांना! नक्की! नक्की!”

फोनमधून इंजिनिअरची आरोळी आली. खाली तो ठिपका खड्ड्यातून उसळून वर आला, धडपडला, उठला आणि फाटकाकडे सुटला. त्याच वेळी भेगेच्या खालचा एक मोठा तुकडा खांबापासून सुटला. आवाज नंतर आला. खिडकीची काच थरथरली. धुळीचा लोट उठला आणि लोक ओरडत मागे पळाले.

धूळ बसली तेव्हा टाकी उभीच होती. खांबाच्या डोक्यावर आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या, झिजून पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या झालेल्या. उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी धो धो वाहत गटाराकडे चाललं होतं. तुकडा खड्ड्यावर पडला होता. चाकाचा पत्ता नव्हता.

“कुठे आहेत ते?” भागूबाईला फोनमध्ये एवढंच विचारता आलं.

“इथे आहेत. माझ्याजवळ,” इंजिनिअर म्हणाला.

टाकी रिकामी व्हायला दुपार झाली. तोवर भागूबाई तिपाईपाशीच उभी होती. भेग आठवर आली, सहावर आली, तीनवर आली. नवऱ्याने मागून पाण्याचा पेला पुढे केला, तोही तिने डोळे न हलवता घेतला. सगळं संपल्यावर ती फरशीवर बसली आणि तिचे दात वाजायला लागले, ते अर्धा तास थांबेनात. नवरा शेजारी बसला होता.

पुढे दोन महिने वस्तीला पाण्याच्या गाड्या येत होत्या. रांगेत लोक भागूबाईला दुवा देत आणि बादली जड झाली की त्याच तोंडाने शिव्याही देत. टाकी वरून थोडी थोडी पाडत खाली आणली. बालवाडी दुसऱ्या रस्त्याला गेली. भाडं जास्त, अंगण लहान. नणंद कुरकुर करायची, पण रोज सकाळी नव्या जागेच्या छताकडे एकदा बघायची. भागूबाईची भीती कुठेही गेली नाही. गॅस ती अजूनही तीनदा बघते.

एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. व्हॉल्व्हवाला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीसाठी बिस्किटांचा पुडा. “फोटो बघायचे होते,” तो म्हणाला. “सगळे म्हणतात तुमच्याकडे आहेत.”

तिने त्याला बसवलं, चहा टाकला, कॉम्प्युटर लावला. तो एकेक फोटो बघत गेला. पाच, सहा, दोन, सात. मध्येच बोट लावून म्हणाला, “ही सावली दिसते ना, इथे मी जेवायला बसायचो. अकरा वर्षं. उन्हाळ्यात इतकी गार जागा दुसरी नव्हती.”

भागूबाईने त्या सावलीकडे एकदा बघितलं आणि पुढचा फोटो लावला.

“आणि त्या वेळचा? मी पळत होतो तेव्हाचा?”

“नाही काढला. बटण दाबायचं सुचलंच नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “घरच्यांनी बघितला असता.” मग थोडा हसला. “त्या दिवशी काही वाटलं नाही बघा, वहिनी. घरी गेलो, जेवलो, झोपलो. आता मात्र होतंय. नळाचा आवाज आला तरी होतंय. तुम्हाला होतं का असं?”

“मला लहानपणापासून होतं,” ती म्हणाली.

“मग काय करता?”

तिला हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. ती विचार करायला लागली. “काही नाही. पुन्हा एकदा बघून येते. मग जरा वेळ बरं वाटतं.”

त्याने मान हलवली आणि कप उचलला. हात इतका कापायला लागला की चहा बशीत सांडला. तो ओशाळून कप खाली ठेवणार, तेवढ्यात भागूबाईने पुढे होऊन बशी खालून धरली.

“सावकाश,” ती म्हणाली. “गरम आहे अजून. घाई नाही.”